बिस्किटं काढ, गूळही काढ

पत्र: "ताई, मी ठाण्याचा, वय २७. आईला सहा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. गेल्या महिन्यापासून तिने व्हिडिओ बघून मनानेच पोळी-भात बंद केलाय आणि लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचं खाणं, सुरू केलंय. जानेवारीत तिचा साठावा वाढदिवस आहे. तिला चीजकेक फार आवडतो, म्हणून घरी करून बघतोय. आधी डायजेस्टिव्ह बिस्किटं आणि साखरेऐवजी गूळ घातला. मधोमध मोठी भेग पडली आणि खाली पाणी सुटलं. मग ओट्सचा थर दिला आणि साखरेला पर्याय म्हणून मिळणारं एरिथ्रिटॉल वापरलं. फ्रीजमधून काढल्यावर दाताखाली कचकच आणि जिभेवर विचित्र गारवा. क्रीम चीज महाग पडतं, चक्का चालेल का? मावशी अंडं खात नाही, तिचं काय करू? आणि गूळ तर नैसर्गिक असतो, मग तो का नको म्हणतात?"

उत्तर:

गुळाचा प्रश्न आधी निकालात काढू या, कारण तो विचारणारा तू एकटा नाहीस. गूळ म्हणजे उसाचाच आटवलेला रस, त्यातला बहुतेक भाग साखरच. एकदा रक्तात गेल्यावर हा गूळ कोल्हापूरचा आहे की आणखी कुठला, हे शरीर विचारत नाही. थोडं लोह, थोडी खनिजं त्यात असतात हे खरं, पण तेवढ्यासाठी आईच्या साखरेशी खेळायचं काही कारण नाही. मध, खजूर, मनुका, नारळाची साखर, सगळ्यांचा हिशेब तोच. शिवाय गुळाने दूध फाटतं, हे खीर करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. तुझ्या केकला पाणी सुटलं त्यात गुळाचा हात थोडा आणि ओव्हनचा जास्त. ओव्हनकडे येतेच.

आता मुख्य गोष्ट. तू चीजकेकला लो-कार्ब करायला बघतोयस, पण तो मुळातच त्याच्या फार जवळ आहे. नावात केक असला तरी त्यात मैदा नसतो, असला तर चमचाभर. अंड्याच्या जोरावर घट्ट झालेलं चीज, एवढाच तो पदार्थ. १०० ग्रॅम साध्या क्रीम चीजमध्ये कार्ब असतात जेमतेम ४ ते ५ ग्रॅम. बाकी कार्ब दोनच वाटांनी आत शिरतात: साखर आणि तळातली बिस्किटं. डायजेस्टिव्ह हे नाव कितीही पथ्याचं वाटलं तरी १०० ग्रॅम बिस्किटांत ७० ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात. ओट्समध्ये ६५ ग्रॅमच्या घरात, नाचणीतही ६०च्या वरच. म्हणजे तू बिस्किटं काढून ओट्स घातलेस तेव्हा कष्ट वाढले, कार्ब फारसे हलले नाहीत.

हिशेबच मांडते. नेहमीच्या सात इंची चीजकेकला साधारण १५० ग्रॅम साखर आणि १५० ग्रॅम बिस्किटं लागतात. दहा तुकडे केले तर तुकड्यामागे २८ ते ३० ग्रॅम कार्ब, म्हणजे साधारण दीड पोळीएवढे. खाली जो प्रकार सांगतेय त्यात एरिथ्रिटॉल सोडून तुकड्यामागे ५ ते ६ ग्रॅम येतात. तो तुकडा साधारण ३०० कॅलरींचा असतो, हेही आत्ताच ऐकून ठेव. लो-कार्ब आहे म्हणून दोन तुकडे, हा व्यवहार इथे चालत नाही.

गोडीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण दुकानात सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. "शुगर फ्री" लिहिलेला डबा उचललास की आधी मागची बाजू वाच. स्टीव्हिया किंवा सुक्रॅलोज शेकडो पटींनी गोड असतं, चिमूटभर पुरतं. ते चमच्याने मोजता यावं म्हणून पुडीत काहीतरी भर घालावी लागते, आणि ती भर बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिनची असते. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे पिष्टमय पदार्थच, साखर झपाट्याने वाढवणारं. माल्टिटॉल हा साखरेचा पर्याय असलेली चॉकलेटं आणि बिस्किटंही अशीच. ती साखरेपेक्षा कमी, पण रक्तातली साखर वाढवतातच, वर पोटात गुडगुड. आणि अ‍ॅस्पार्टेम हे कृत्रिम गोडवा देणारं द्रव्य उष्णतेने गोडी गमावतं, म्हणून बेकिंगला त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

तू एरिथ्रिटॉल निवडलंस ते बरोबरच केलंस. ते शरीरात शोषलं जातं आणि बहुतेक सगळं जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं, साखर वाढवत नाही. मग कचकच का झाली? ते पाण्यात साखरेइतकं विरघळत नाही. गरम असताना विरघळलेलं दिसतं, फ्रीजमध्ये गेलं की पुन्हा त्याचे खडे होतात. आणि विरघळताना ते उष्णता ओढून घेतं, म्हणून जिभेला गारवा लागतो. उपाय दोन, आणि दोन्ही एकदमच करायचे. एक, ते मिक्सरच्या छोट्या भांड्यात पिठीसाखरेसारखं अगदी बारीक दळायचं. झाकण लगेच उघडू नकोस, धुरळा नाकात जातो. दोन, सगळी गोडी एकट्या एरिथ्रिटॉलवर टाकायची नाही. त्याची गोडी साखरेच्या साधारण ७० टक्के. तेवढ्यावर भागवायला गेलं तर १५० ग्रॅम साखरेच्या जागी २०० ग्रॅमच्या वर घालावं लागेल, आणि तिथेच खडे होतात. त्यापेक्षा ९० ग्रॅम एरिथ्रिटॉल घे आणि उरलेली गोडी स्टीव्हियाच्या थेंबांनी भर. थेंब दोन-दोन करून घाल, दर वेळी चाखून बघ. जास्त झालं की जिभेच्या मागे कडवट राहतं आणि ते काही केल्या जात नाही. चाखायचं ते अंडी घालायच्या आधी.

एरिथ्रिटॉलबद्दल एक गोष्ट तुला माहीत असावी. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना असं दिसलं की ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉलचं प्रमाण जास्त, त्यांच्यात हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात जास्त. ते कारण आहे हे यावरून सिद्ध होत नाही, आपलं शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं. पण आईला हृदयाचा त्रास असेल किंवा स्टेंट बसवलेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नकोस. बाकी वाढदिवसाचा एक तुकडा आणि रोज सकाळ-संध्याकाळ चहात दोन चमचे, यात फरक आहे.

तळाला बदाम. १२० ग्रॅम बदामाची पूड, ४० ग्रॅम वितळवलेलं लोणी, चमचाभर दळलेलं एरिथ्रिटॉल, चिमूटभर मीठ. पूड घरीच कर, सालीसकट चालते. बदाम तासभर फ्रीजरमध्ये ठेव आणि मिक्सर थांबत-थांबत फिरव, एकदम फिरवलास तर तेल सुटून गोळा होतो. टिनच्या तळाला बटर पेपर लावून वाटीच्या बुडाने मिश्रण घट्ट दाबून बसव, १६० अंशांवर १० ते १२ मिनिटं भाज, कडा बदामी झाल्या की काढ आणि पूर्ण गार होऊ दे. हा थर आधी भाजला नाही तर वरच्या मिश्रणाचं पाणी पिऊन लगदा होतो. भाजल्यावरही तो बिस्किटांसारखा खुटखुटीत होणार नाही, गार झाल्यावर आवळतो. बदाम परवडत नसतील तर दाण्याचं कूट कार्बच्या हिशेबात बसतं, पण मग दाणे बाकी कुणाला बोलू देत नाहीत, चवीला चीजकेकची चिक्की होते. सुकं डेसिकेटेड खोबरं अर्धं-अर्धं मिसळलंस तर बरं.

तळच नको असेल तर तसाही चीजकेक जगात आहे. स्पेनमधल्या सान सेबास्तियान शहरातल्या 'ला विन्या' या खानावळीचा बास्क चीजकेक. तळ नाही, ओव्हन कडक तापलेला, वरून काळपट भाजलेला. पण तो काळेपणा आणि कॅरॅमलची चव बऱ्याच अंशी साखरेतून येते. एरिथ्रिटॉल तसं भाजत नाही, वरचा रंग फिका राहतो. म्हणून आईसाठी मी तो निवडणार नाही.

चक्का चालेल, नुसता चालेल नव्हे, छान लागेल, फक्त सगळाच चक्का नको. क्रीम चीजमध्ये ३० टक्क्यांच्या वर स्निग्धांश असतो, घरच्या चक्क्यात त्याहून बराच कमी. नुसत्या चक्क्याचा केक आंबट आणि खरखरीत होतो. ४०० ग्रॅम क्रीम चीजला २०० ग्रॅम चक्का हे प्रमाण धर. दही फुल क्रीम दुधाचं, ताजं, न आंबलेलं. पंचात बांधून रात्रभर फ्रीजमध्येच टांग, बाहेर टांगलंस तर आंबेल. सकाळी बोटाने दाबून बघ: खळगा तसाच राहिला पाहिजे आणि बोट कोरडं निघालं पाहिजे. ओलं निघालं तर वर वजन ठेवून आणखी दोन तास. मग पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून किंवा चाळणीतून घासून काढ, श्रीखंडाला करतो तसंच. ही पायरी गाळलीस तर त्या गुठळ्या पुढे कशानेही मोडत नाहीत. क्रीम चीज घेताना मात्र चीज स्प्रेड उचलून आणू नकोस, ते खारट असतं आणि वेगळंच वागतं.

मिश्रण करायच्या आधी सगळं फ्रीजबाहेर काढून ठेव, जानेवारीत दोन तास तरी. गार क्रीम चीज कितीही फेटलं तरी बारीक दाणे राहतात. आधी नुसतं क्रीम चीज घोटून मऊ कर, मग चक्का, मग एरिथ्रिटॉल आणि चिमूटभर मीठ, मग १०० मिली क्रीम, व्हॅनिला आणि एका लिंबाची किसलेली साल. सालीचा पांढरा भाग नको, तो कडू. मग स्टीव्हिया घालून चाख. शेवटी तीन अंडी, एकेक करून, हातातल्या व्हिस्कने, मिसळेपर्यंतच. इलेक्ट्रिक बीटर इथे बंद. अंड्यात हवा भरली की केक ओव्हनमध्ये फुगतो, बाहेर आला की बसतो आणि बसताना तडकतो.

आता भेगा आणि पाणी. दोन्हींचं मुख्य कारण एकच, केक जास्त भाजला गेला. अंड्यातली प्रथिनं गरम होऊन जाळं विणतात, त्या जाळ्यात पाणी अडकून राहतं. उष्णता आणखी वाढली की जाळं आवळतं आणि पाणी पिळून बाहेर टाकतं. तेच तुझ्या केकच्या तळाशी आलं. कडा आधी घट्ट होतात आणि टिनला चिकटून बसतात, मधला भाग गार होताना आक्रसतो, दोघांच्या ओढाताणीत भेग पडते. लो-कार्बमध्ये हे जास्त होतं, त्यालाही कारण आहे. साखर अंड्याला सावकाश घट्ट होऊ देते. ती कमी केली, विशेषतः नुसत्या स्टीव्हियावर केक केला, तर तो लवकर घट्ट होतो. साखरेच्या पाककृतीत दिलेली वेळ पाळलीस तर जास्त भाजला जाणारच.

म्हणून ओटीजी १५० अंशांवर, दोन्ही रॉड चालू, पंखा असेल तर बंद. बटणावर १५० लिहिलंय म्हणून आत १५० असतंच असं नाही. काहीशे रुपयांत मिळणारा ओव्हनचा थर्मामीटर आत टांगून बघ, छोट्या ओटीजीत वीस-तीस अंशांचा फरक सहज निघतो. टिन मधल्या रॅकवर, खालच्या ट्रेमध्ये उकळतं पाणी. टिन पाण्यात ठेवायचाच असेल तर फॉइलवर भरवसा ठेवू नकोस, सुटणाऱ्या तळाच्या टिनमध्ये पाणी शिरतंच. त्यापेक्षा तो टिन थोड्या मोठ्या केकटिनमध्ये ठेव आणि ती जोडी पाण्यात ठेव. वरचा रॉड जवळ असेल तर अर्ध्या वेळानंतर वर सैलसर फॉइल टाक.

४५ मिनिटांनी बघायला सुरुवात कर. टिन हलकेच हलव. कडेचा दोन बोटं भाग स्थिर आणि मधला भाग खरवसासारखा थरथरला पाहिजे. सगळा स्थिर दिसेपर्यंत थांबलास की गेला हातचा. काट्याचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ६५-६६ अंश झाले की ओव्हन बंद. दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकव आणि केक तासभर आतच राहू दे. बाहेर काढल्यावर लगेच कडेने पातळ सुरी फिरव, म्हणजे आक्रसताना तो टिनपासून मोकळा सुटेल. मग रात्रभर फ्रीज. त्याच दिवशी कापायचा मोह होईल, पण थरथरणारा मधला भाग फ्रीजमध्येच नीट बसतो. म्हणजे केक वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच व्हायला हवा. एवढं सगळं करूनही भेग पडलीच, तर वर स्ट्रॉबेरी रच. जानेवारी म्हणजे महाबळेश्वरचा हंगाम, आणि १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत कार्ब आठाच्या आतच असतात. पातळ काप करून लिंबाच्या रसात घोळव, बस्स. स्ट्रॉबेरीचा जॅम मात्र नाही, त्यात निम्म्याहून जास्त साखर असते. एवढं करून शेवटी त्याने पाणी फिरवायचं नाही.

केकपेक्षा मला काळजी वाटली ती तुझ्या पत्रातल्या एका वाक्याची: आईने मनानेच पोळी-भात बंद केलाय. कोणत्या गोळ्या, ते तू लिहिलेलं नाहीस. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली जाण्याची भीती कमी. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि ताटातले कार्ब अचानक निम्मे झाले, तर साखर ७०च्या खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं होणं, ही त्याची लक्षणं. तशा वेळी तिला एरिथ्रिटॉलचा केक देऊन काही उपयोग नाही, साधी साखर घातलेलं पाणी द्यायचं. आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी असेल तर कार्ब फार कमी केल्याने रक्तात कीटोन आम्लं साचण्याचा धोका असतो. तो साखर फार वाढलेली नसतानाही होऊ शकतो, त्यामुळे ग्लुकोमीटर बघून कळतोच असं नाही. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं, असं काही दिसलं तर थेट दवाखाना. तिची गोळ्यांची पट्टी घेऊन या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. "आई आता पोळी-भात खात नाही, डोस बदलायचा का?" एवढंच विचार. गोळ्या मात्र आपल्या मनाने कमी करू नका.

वाढदिवसाच्या दिवशी केक जेवणानंतर लगेच दे, मधल्या वेळी वेगळा नको. त्या जेवणात वरण-भाजी, कोशिंबीर असं तिचं जे चाललंय तेच असू दे. घरी ग्लुकोमीटर असेल तर जेवणाआधी आणि नंतर दोन तासांनी बघा. हा केक चरबीचा आहे, साखर उशिरा वर जाऊ शकते, म्हणून आणखी दोन तासांनी एकदा बघितलंत तर चित्र पुरं दिसेल.

राहिली मावशी. बिनअंड्याच्या बऱ्याच चीजकेकांत कंडेन्स्ड मिल्क असतं, आणि त्यात १०० ग्रॅमला ५५ ग्रॅमच्या आसपास साखर. ते आईला चालणार नाही. घट्ट करायला जिलेटिन घालावं तर ते प्राणिज, अंडं न खाणाऱ्या मावशीला ते चालेल असं धरून चालू नकोस. तेव्हा वेगळ्या वाट्यांत थोडं मिश्रण अंड्याशिवाय कर: २०० ग्रॅम क्रीम चीज, १०० ग्रॅम चक्का, ५० मिली क्रीम, ४५ ग्रॅम एरिथ्रिटॉल आणि दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर. हो, कॉर्नफ्लोअर म्हणजे कार्बच, पण दोन चमच्यांत मिळून चार-पाच ग्रॅम, पाच वाट्यांत वाटले तर वाटीला एकही ग्रॅम येत नाही. तेवढ्यावरून पथ्य मोडत नाही. सिरॅमिकच्या छोट्या वाट्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून त्याच १५० अंशांवर २० ते २५ मिनिटं. हे अंड्याच्या केकइतकं सुबक कापता येत नाही, म्हणून वाटीतच वाढायचं. मावशीला मधुमेह नसेल तर तिच्या वाटीत खुशाल साखर घाल, सगळ्या घराने पथ्य पाळायची गरज नाही.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घे, दर तुकड्याला. उरलेले तुकडे सुटे-सुटे बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेव, महिनाभर राहतात. खायच्या आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवायचे. त्यामुळे आईसमोर एका वेळी एकच तुकडा येईल, अख्खा केक टेबलावर राहणार नाही. स्ट्रॉबेरी मात्र फ्रीजरमध्ये जाऊ देऊ नकोस, सुटताना पाणी सोडते. ती आयत्या वेळीच ठेव.